मुद्देमाल खोलीतल्या दोन बाटल्या

नोकरीत हाताळलेले बहुतेक गुन्हे आता कागद समोर असल्याशिवाय आठवत नाहीत. या एका गुन्ह्याला मात्र कागद लागत नाही. त्यात मी एका निरपराध माणसाला अटक केली होती, आणि माझ्या हाताखालच्या एका हवालदार बाईंनी ती चूक मला दाखवून दिली.

मी तेव्हा नाशिक जिल्ह्यात, आग्रा महामार्गावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. जानेवारी महिना होता. निफाड-पिंपळगावच्या पट्ट्यातली थंडी तिथे राहिलेल्यालाच ठाऊक असते. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. ठाण्याची सकाळची हजेरी आम्ही अंगणात, उन्हाची पहिली पट्टी पडेल तिथे घेत असू.

त्या दिवशी सकाळी सव्वासातच्या सुमारास एका ढाब्यावरून फोन आला की, रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकमधला माल चोरीला गेला आहे. मी पथक घेऊन पोहोचलो. पुलाच्या अलीकडे, नदीकाठच्या सखल भागात रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता. ताडपत्री एका बाजूने उभी कापलेली होती. नाशिकच्या एका कारखान्यातून तांब्याच्या तारेची रिळे इंदूरला चालली होती. त्यातली मागच्या निम्म्या भागातली खोकी नव्हती. ड्रायव्हर चाकापाशी उकिडवा बसला होता. पंचेचाळिशीचा, नांदगाव तालुक्यातला, गाडीवर एकटाच.

त्याने हकीकत सांगितली. आदल्या संध्याकाळी मालकाच्या यार्डात टाकी भरून तो निघाला. पिंपळगावच्या पुढे ट्रक उभे करतात तिथे केबिनमध्ये झोपला. पाचनंतर गाडी काढली. काही किलोमीटर नीट चालली.

"मंग दम तोडायला लागली साहेब. पिकअपच नाय. हितं येऊन मेलीच. सेल्फ मारला तर नुसतीच फिरती. फिल्टर खोलला, तर आत डालड्यावानी पांढरं. डिझेल गोठलं व्हतं."

"नाशकात डिझेल गोठतं?" मी म्हणालो. "तुला काय लडाख वाटलं का?"

बरोबरचे शिपाई हसले. ड्रायव्हर हसला नाही.

"मलाबी नवलच वाटलं साहेब. पन गोठलं व्हतं. मी फिल्टर परत बसवला, यार्डात फोन लावला, अन् मेकॅनिक अन् गरम पानी बघाया ढाब्यावर चालत गेलो. परत आलो तर हे असं."

आम्ही फिल्टर उघडून पाहिला नाही. तेव्हा साडेआठ झाले होते आणि गारठा अजून होता. पाच मिनिटांचे काम होते. तपासातली ही पहिली चूक, आणि ती माझी.

मी घटनास्थळी असतानाच, आठ वाजून पंचेचाळीस मिनिटांनी, ठाण्यात एक फोन आला. ठाणे अंमलदाराने तो नियमाप्रमाणे स्टेशन डायरीत वेळेसह उतरवला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही. "ड्रायव्हर खोटं बोलतोय. गाडी बंद पडलीच नव्हती. माल त्यानंच उतरवून दिलाय," एवढे म्हणून त्याने फोन ठेवला. परतल्यावर मी ती नोंद वाचली आणि समाधान पावलो. खबर आयती चालून आली की पोलिसाला बरे वाटते. ती का आली, हे तो नंतर विचारतो.

ट्रक क्रेनने ओढून ठाण्याच्या आवारात आणला आणि उन्हात उभा केला. मालकाने येऊन फिर्याद दिली. दुपारी बारा वाजता मोटार वाहन निरीक्षक तपासणीला आले. त्यांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. त्यांनी ती आवारात पुढे-मागे फिरवली, फिल्टर उघडला, कोरडा करून परत बसवला. त्यात काहीही नव्हते. "इंजिनात दोष नाही," असा अहवाल त्यांनी जागीच लिहून दिला.

ड्रायव्हर व्हरांड्यात उभा राहून हे पाहत होता. "साहेब, सकाळी मेली व्हती," एवढेच तो म्हणाला.

पंचनामा लिहायला त्या दिवशी आमच्या मुद्देमाल हवालदार बाई होत्या. लिहिता लिहिता त्या थांबल्या.

"साहेब, टाकीतल्या डिझेलचा नमुना घ्यायचा ना?"

"कशाला? गाडी चालू झाली की."

"ड्रायव्हर डिझेल गोठलं म्हणतोय. उद्या कोर्टात त्याचा वकील विचारेल की, मग डिझेल का नाही घेतलं."

मी नाइलाजाने होकार दिला. त्यांनी काचेच्या दोन बाटल्या भरल्या, पंचांच्या सह्यांचे कागद चिकटवले, लाखेची मोहोर लावली. एक बाटली न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवायची, एक ठाण्यात ठेवायची. बाटलीतले डिझेल स्वच्छ दिसत होते, पिवळसर, नेहमीसारखे.

संध्याकाळी मी ड्रायव्हरला अटक केली. न्यायालयाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली.

चौकशीची माझी एक पद्धत होती. आरोपीकडून हकीकत आधी सुरुवातीपासून ऐकायची, नंतर शेवटाकडून, नंतर मधूनच. खोटे सांगणारा दर खेपेला गोष्ट सुधारत जातो. ऐकणाऱ्याला जिथे शंका आली, तिथे पुढच्या वेळी ठिगळ लावतो. हा माणूस काहीच सुधारत नव्हता. दोन दिवस तो तीच ओबडधोबड गोष्ट त्याच शब्दांत सांगत राहिला, अगदी डालड्यासकट.

"अरे, दुसरं काहीतरी सांग," माझा सहायक निरीक्षक वैतागून म्हणाला. "निदान पाणी शिरलं होतं म्हण, आम्ही विचार तरी करू."

"पानी नव्हतं शिरलं साहेब. गोठलं व्हतं."

मी हे टिपले होते. निष्कर्ष मात्र उलटा काढला: माणूस पक्का आहे, मुरलेला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको आली. भाकरीचे फडके आणि एक जाड स्वेटर घेऊन. रडणे नाही, पाया पडणे नाही. माझ्या टेबलासमोर उभी राहून ती म्हणाली, "साहेब, त्यांनी केलं असंल तर ठेवा आत, मी परत यायची नाय. पन नसंल केलं तर लवकर सांगा. चोर ड्रायव्हरला कुनी गाडी देत नाय. अन् त्यांना दुसरं काय येत नाय."

मी म्हणालो, तपास चालू आहे. हे वाक्य आम्ही दिवसातून वीस वेळा म्हणतो.

मुद्देमाल हवालदार बाईंबद्दल इथे थोडे सांगायला हवे. वय अठ्ठेचाळीसच्या आसपास, माहेर हरसूलच्या बाजूचे, नोकरी वीस वर्षांच्या पुढे. मुद्देमालाची खोली कोणालाच नको असते. जप्त केलेले मोबाइल, कोयते, गॅस सिलिंडर, विहिरींवरून चोरलेल्या पाण्याच्या मोटारी, मंदिरातली घंटा, सगळे वर्षानुवर्षे तिथे पडून राहते आणि एखादी वस्तू हरवली की नोकरीवर येते. बाईंनी ती खोली ताब्यात घेतल्यावर दोन महिन्यांत प्रत्येक वस्तूला फळी आणि प्रत्येक फळीला क्रमांक मिळाला. रोज हजेरीनंतर त्या रजिस्टर घेऊन आत जात आणि नोंदीशी वस्तू ताडून पाहत. असे रोज करा, असा कुठलाही नियम नाही. मी एकदा विचारले होते, रोज काय बघता? त्या म्हणाल्या, "रोज बघितलं की बदललेलं दिसतं साहेब. महिन्यानं बघितलं की सगळं तसंच वाटतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्या माझ्या खोलीच्या दारात आल्या.

"साहेब, जरा मुद्देमाल खोलीत येता का? आत्ताच. दहा वाजले की दिसणार नाही."

ती खोली दगडी होती, उत्तरेकडची. हिवाळ्यात तिथला रात्रीचा गारठा नऊ-दहापर्यंत टिकत असे. तिसऱ्या फळीवर दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोन्हींवर लाखेची मोहोर. डावीकडच्या बाटलीतले डिझेल आरपार स्वच्छ होते. उजवीकडची बाटली खालून अर्ध्याच्या वर पांढरी झाली होती. वर उरलेला थर गढूळ, खाली घट्ट साका, साजूक तूप थिजावे तसा.

"ही उजवी आपल्या ट्रकची," बाई म्हणाल्या. "डावी मागच्या महिन्यातली. पेट्रोल पंपाबाहेर उभ्या ट्रकमधनं डिझेल चोरलेलं, त्या गुन्ह्यातली. दोन्ही एकाच फळीवर ठेवल्यात, म्हणजे हिला जास्त गार लागलं असं कोणी म्हणायला नको."

त्यांनी एक वही पुढे केली. अटकेच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या नोंदी होत्या. सकाळी सातला पांढरी. साडेनऊला पातळ. अकराला स्वच्छ. संध्याकाळी स्वच्छ. पुन्हा सकाळी पांढरी. प्रत्येक नोंदीपुढे ठाणे अंमलदाराची सही. मोहोर कुठेही हललेली नव्हती. बाटलीला हातही न लावता त्यांनी हे सगळे केले होते.

"कालच का नाही सांगितलंत?"

"एका दिवसाचं सांगितलं असतं तर साहेब हसले असते."

हसलो असतो. बाईच पुढे म्हणाल्या, "आमच्याकडं खोबरेल तेलाची बाटली सकाळी अशीच होते. चुलीपाशी ठेवली की पातळ. पण डिझेल असं होत नाही ना साहेब? ही शेजारची झाली नाही. म्हणजे हे डिझेल नाही, किंवा नुसतं डिझेल नाही."

चौदा वर्षे मी ठाणेप्रमुख होतो. पुराव्याची इतकी सरळ मांडणी मी प्रशिक्षण केंद्रातही ऐकली नव्हती.

नाशिकमधल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मी फोन केला. त्यांनी पाच मिनिटांत उलगडा केला. जनावरांच्या चरबीपासूनही बायोडिझेल तयार होते. ते वाईट इंधन नव्हे. योग्य प्रमाणात, योग्य हवामानात गाड्या त्यावर चालतात. पण त्यातले चरबीचे अंश थंडीत साध्या डिझेलच्या पुष्कळ आधी थिजू लागतात. आधी ते धूसर होते, मग त्यात मेणासारखे कण धरतात. हे कण फिल्टरमध्ये अडकतात आणि इंजिनाला इंधन मिळेनासे होते. नळीत आणि फिल्टरमध्ये आधीच असलेल्या इंधनावर गाडी थोडी चालते, म्हणून लगेच कळत नाही. ऊन लागले की कण विरघळतात आणि मागे काहीही उरत नाही.

"म्हणजे सकाळी बंद पडलेली गाडी दुपारी चालू होणार?"

"होणारच. तुम्ही दुपारी तपासलीत का?" प्राध्यापकांनी विचारले. मी विषय बदलला.

फोनवरच्या माहितीवर न्यायालयात उभे राहता येत नाही. म्हणून चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला आवारात दोन पंच, मोटार वाहन निरीक्षक आणि कॅमेरा घेऊन एक शिपाई असे जमलो. ट्रक तीन दिवस त्याच जागी उघड्यावर उभा होता. ड्रायव्हरला कोठडीतून बाहेर आणले. त्याने बायकोने आणलेला स्वेटर घातला होता.

निरीक्षकांनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली. पहिली दोन-तीन मिनिटे ती नीट चालली आणि निरीक्षकांनी माझ्याकडे पाहून खांदे उडवले. बाई घड्याळाकडे पाहत होत्या. नवव्या मिनिटाला इंजिन अडखळले, एकदा खोकले आणि बंद पडले. पुन्हा सेल्फ मारला. नुसते फिरत राहिले.

फिल्टर उघडला. आतली जाळी पांढऱ्या, चिकट थराने लिंपून गेली होती. एका पंचाने बोटावर घेतले, चोळले, आणि ते त्याच्या बोटाच्या उबेने पातळ झाले. "च्यायला," तो म्हणाला, "हे तर खरंच डालडा." पंचनाम्यात आम्ही "पांढरा, घट्ट, स्निग्ध पदार्थ" असे लिहिले.

निरीक्षक खाली उतरले आणि ड्रायव्हरसमोर उभे राहिले. "तू म्हणालास तसंच आहे रे."

"त्या दिशी कुनी खोललाच नाय साहेब," ड्रायव्हर म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती.

फिल्टर स्टीलच्या परातीत ठेवून कुंपणाच्या भिंतीवर उन्हात मांडला. दर अर्ध्या तासाने फोटो घेतला. साडेनऊला परातीत पिवळसर तेल होते आणि फिल्टर स्वच्छ. निरीक्षकांनी आपला आधीचा अहवाल मागवून घेतला आणि त्याखाली स्वतःच्या हाताने दुरुस्ती लिहिली. हेही सगळे अधिकारी करत नाहीत.

ड्रायव्हर खरे बोलत होता, हे ठरल्यावर स्टेशन डायरीतली ती खबर मी पुन्हा वाचली. आठ वाजून पंचेचाळीस मिनिटे. फिर्याद झाली त्याच्या दोन तास आधी. गाडी बंद पडल्याचे ड्रायव्हरने तोवर फक्त तीन ठिकाणी सांगितले होते: ढाब्यावर, यार्डात आणि आम्हाला. "गाडी बंद पडलीच नव्हती" असे सांगणाऱ्याला, ड्रायव्हर तसे म्हणतो आहे, हे कळले कुठून? ज्या मोबाइलवरून फोन आला त्याची माहिती मी तीन दिवस मागवलीच नव्हती. आता मागवली. फोन झाला तेव्हा तो मोबाइल मालकाच्या यार्डाजवळच्या टॉवरच्या हद्दीत होता.

यार्डाच्या सुपरवायझरला बोलावले. टाक्या भरण्याचे काम त्याच्याकडे होते. खुर्चीत बसल्या बसल्या तो म्हणाला, "साहेब, मला यातलं काय माहीत? मी आपला डिझेल भरणारा माणूस."

"डिझेल?" मी विचारले आणि टेबलावर दोन बाटल्यांच्या फोटोंच्या प्रती ठेवल्या.

त्याने फोटो जवळ ओढून पाहिले. मग बोलू लागला. खबरीचा फोन त्याचाच होता. यार्डात परवान्याशिवाय येणाऱ्या टँकरमधून चरबीचे बायोडिझेल घेतले जाई आणि डिझेलमध्ये निम्मे मिसळले जाई. मालकाला हे ठाऊक होते. डिसेंबरात थंडी पडल्यावर दोन ड्रायव्हरांनी सुपरवायझरकडे तक्रार केली की, पहाटे पुलाच्या अलीकडे गाडी मरते. सगळे एकाच ठिकाणी मुक्काम करत, एकाच वेळी निघत, त्यामुळे गाड्याही साधारण एकाच पट्ट्यात बंद पडत. सुपरवायझरने टाकीतले इंधन बदलले नाही. तक्रारीचा उपयोग त्याने वेगळाच केला. तांब्याचा माल ज्या संध्याकाळी निघाला, तिच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचे दोन साथीदार पिकअप टेम्पो घेऊन तिथे थांबले. ड्रायव्हर मदत शोधायला जाणार, हे ठरलेलेच होते. परत आल्यावर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हेही.

शेवटचा अंदाज त्याने माझ्याबद्दल बांधला होता, आणि तो बरोबर होता.

माल चांदवडच्या बाजूला एका रिकाम्या कांदा चाळीत सापडला. खोकी जशीच्या तशी होती. सुपरवायझर आणि दोघे साथीदार अटक झाले. विनापरवाना इंधनासाठी मालकावर वेगळा गुन्हा दाखल झाला. प्रयोगशाळेचा अहवाल काही महिन्यांनी आला; बाईंच्या वहीत जे होते तेच त्यात जास्त कठीण शब्दांत होते. बक्षिसासाठी मी त्यांचे नाव पाठवले. त्यांनी विचारले, "बक्षीस राहू द्या साहेब, खोलीला एक खिडकी मिळेल का?" बक्षीस मिळाले. खिडकीचा प्रस्ताव माझ्या बदलीपर्यंत बांधकाम विभागात होता.

या गुन्ह्याने मला काय शिकवले, असे निवृत्तीनंतर तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो की, एखाद्याचे म्हणणे अशक्य वाटले तर ते ज्या वेळी, ज्या जागी घडले असे तो म्हणतो, त्याच वेळी आणि त्याच जागी जाऊन तपासा. आपल्या सोयीच्या वेळी तपासू नका. मला हे कळायला एका माणसाचे चार दिवस कोठडीत गेले.

त्या माणसाला सोडण्याचा कागद तयार झाला, तेव्हाची गोष्ट राहिली. कायद्याप्रमाणे आम्ही न्यायालयात अहवाल दिला की, आरोपीविरुद्ध पुरेसा पुरावा नाही. हा ठरलेला मजकूर असतो. ड्रायव्हर बायकोबरोबर ठाण्यात आला, नक्कल घेतली, आणि बाईंकडून वाचून घेतली.

"पुरेसा पुरावा नाय म्हंजे?" त्याने विचारले. "म्हंजे थोडा हाय का?"

"तसं नाही. तुम्ही सुटलात," मी म्हणालो.

"सुटलो खरं साहेब. पन गाडी मागायला गेलो अन् हे दाखवलं, तर समोरचा म्हनंल, पुरावा मिळाला नाय म्हनून सुटला. मी खरं बोल्लो, असं यात कुठंय?"

कुठेच नव्हते. तसा नमुना आमच्याकडे नाही. संशय घेण्याचे, अटकेचे, झडतीचे, सोडण्याचे, सगळ्यांचे आहेत. माणूस पहिल्या दिवसापासून खरे सांगत होता, हे लिहून देण्याचा नाही.

बाईंनी कोरा कागद घेतला. ठाण्याचे नाव, गुन्हा क्रमांक आणि त्याखाली तीन ओळी: सदर इसमाने गाडी बंद पडल्याबाबत पहिल्या दिवशी दिलेली हकीकत तपासात संपूर्ण खरी आढळली. त्याचा गुन्ह्याशी कोणताही संबंध नाही. त्याला झालेली अटक चुकीची होती. शेवटची ओळ लिहून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सही केली आणि ठाण्याचा शिक्का मारला.

बायकोने तो कागद हातात धरून सावकाश वाचला आणि त्याच्याकडे दिला. त्याने तो परवान्याच्या पाकिटात ठेवला, दाराशी गेला, आणि परत वळला.

"साहेब, गाडी इंदूरकडंच असती आपली. हिंदीतबी एक मिळंल का?"

बाईंनी दुसरा कागद घेतला. माझी सही पुन्हा झाली.